कंपनी आपले बिऱ्हाड कोठे थाटते?

मोठ्या कंपनीचे वार्षिक अहवाल ज्यांच्या घरी येतात त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. अहवालाच्या पहिल्या काही पानांत देशाचा नकाशा छापलेला असतो आणि त्यावर कंपनीचे कारखाने, वखारी व कचेऱ्या दाखविणारे ठिपके असतात. भागीदार तो नकाशा शोभेचा समजून पान उलटतो आणि लाभांशाचा आकडा शोधू लागतो. पण तो नकाशा वाचण्यासारखा असतो. एक ठिपका येथे का आणि दुसरा तेथे का, दोन ठिपक्यांमधला शेकडो मैलांचा मुलूख कोरा का, याचे उत्तर देता येऊ लागले म्हणजे देशाचा अर्थव्यवहार बराचसा कळला असे समजावे. या कोऱ्या मुलुखातही माणसे राहतात, आणि आपल्या गावी कारखाना का येत नाही, हा त्यांचा प्रश्न असतो. तेव्हा या विषयाचा विचार एका अशाच गावापासून आरंभ करणे योग्य होईल.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव आहे. खानदेशातील जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून जवळच्या जामोद गावाचे नाव त्याला जोडलेले असते. उत्तरेस डोंगर, डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. दक्षिणेस पूर्णा नदी. आणि नदी ओलांडून गेले म्हणजे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील नांदुरा स्टेशन. जमीन काळी आणि पीक मुख्यतः कापसाचे. गावाला रेल्वे नाही. या चार ओळींत त्या गावाचे औद्योगिक भवितव्य बरेचसे सामावलेले आहे. ते कसे, हे कापसाच्या वजनावरून कळते.

शेतातून वेचून आणलेला कापूस शंभर किलो असला तर त्यातून रुई निघते ती सुमारे तेहतीस ते छत्तीस किलो. बाकीचे बहुतेक वजन सरकीचे. म्हणजे गिरणीला जी वस्तू हवी ती एक भाग आणि तिच्याबरोबर वाहून न्यावे लागणारे ओझे दोन भाग. शिवाय सुटा कापूस फुगीर असतो. गाडी भरलेली दिसते, पण तिच्यात वजन थोडे असते. म्हणून कापसाच्या व्यापारात दोन कामे मालाच्या जन्मस्थानाजवळच करणे किफायतीचे ठरते. पहिले सरकी काढण्याचे, म्हणजे जिनिंगचे. दुसरे रुई दाबून तिच्या गाठी बांधण्याचे, म्हणजे प्रेसिंगचे. जिनाने वजन घटते, प्रेसने आकार घटतो. ही दोन कामे झाली की मग माल हजार मैल गेला तरी वाहतुकीचा भार सोसतो. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने १९०९ साली उद्योगांच्या स्थाननिश्चितीवर ग्रंथ लिहिला, त्यातील एक मुख्य सिद्धांत हाच आहे: ज्या मालाचे वजन प्रक्रियेत पुष्कळ घटते त्याचा कारखाना मालाकडे ओढला जातो, आणि ज्याचे घटत नाही त्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीक असते. वऱ्हाडातील व्यापाऱ्याला हा सिद्धांत ग्रंथ निघण्यापूर्वीच ठाऊक होता. बैलगाडीच्या भाड्याने तो त्याला शिकविला होता.

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी या तिन्हींचा वाटा त्यात निघे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली मुंबई आणि लंडन ही शहरे समुद्राखालून टाकलेल्या तारेने जोडली गेली. त्याच वर्षी जलंब स्टेशनापासून खामगावपर्यंतचा छोटा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जेमतेम आठ मैलांच्या लोहमार्गासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या आठ मैलांच्या शेवटी असलेल्या बाजाराचे मोल ध्यानात येईल. लिव्हरपूलच्या बाजारात ठरलेला भाव खामगावात पूर्वी कित्येक आठवड्यांनी समजे. आता तो तारेने येऊ लागला.

या खामगावात ज्या परदेशी कंपन्यांनी आपली बिऱ्हाडे थाटली त्यांत रॅली ब्रदर्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्स ही दोन नावे विशेष प्रसिद्ध होती. त्यांपैकी व्होल्कार्टची हकीकत प्रस्तुत विषयाला फार उपयोगी आहे. सालोमोन आणि योहान गेओर्ग या दोघा स्विस बंधूंनी १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथे आणि मुंबईत एकाच वेळी ही पेढी काढली. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, त्याची हिंदुस्थानावर सत्ता नव्हती आणि तेथे कापूसही पिकत नाही. तरी त्या डोंगराळ गावातून हिंदुस्थानचा माल युरोपात नेणारी एक मोठी पेढी चालली. तिच्या शाखा कोणत्या क्रमाने निघाल्या ते पाहावे. मुंबईनंतर १८५७ साली कोलंबो, १८५९ साली कोचीन, १८६१ साली कराची. ही सारी बंदरे आहेत. मुंबई कापसासाठी, कोचीन काथ्या, कॉफी व मसाल्यांसाठी, कराची सिंध-पंजाबच्या मालासाठी. म्हणजे आरंभी कंपनीचा नकाशा केवळ किनाऱ्याची रेघ होता.

पण बंदरात बसून कापूस घेणाऱ्याला तो ज्या स्थितीत येईल त्या स्थितीत घ्यावा लागे. त्यात धूळ किती, पाणी किती, हलक्या प्रतीची भेसळ किती, हे सारे आधीच होऊन गेलेले असे. चांगला माल हवा तर तो जेथे जिनातून निघतो तेथे आपला माणूस पाहिजे, हे कळल्यावर कंपनीच्या शाखा किनारा सोडून लोहमार्गाच्या काठाकाठाने आत सरकल्या. खामगावी व्होल्कार्टची खरेदीची पेढी होती आणि कापूस दाबण्याचा प्रेसही होता. आता नकाशाला तीन पायऱ्या झाल्या. विंटरथुरला निर्णय, मुंबईला साठवण व जहाज, खामगावला खरेदी व गाठी. या तिहींच्या खाली चौथी पायरी होती, ती मात्र कंपनीच्या नकाशावर नसे. ती म्हणजे जळगाव जामोदसारखी गावे, जेथून गाड्या भरून कापूस बाजारात येई. तेथे कंपनीला बिऱ्हाड करण्याचे कारणच पडले नाही. अडत्या होता आणि बैलगाडी होती, तेवढ्याने तिचे काम भागत होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनी जेथे आली तेथे तिच्याबरोबर भाव आला, तार आली, यंत्र आले. पण न्याय आपोआप आला नाही. तराजू कोणाचा, कडता किती, नमुना एक दाखवून माल दुसरा निघाला असे म्हणून भाव पाडण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न शेतकऱ्यापुढे होतेच. त्यांचे उत्तर कंपनीने दिले नाही. ते कायद्याने द्यावे लागले. १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशात आज ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत त्यांचा हा मूळपुरुष होय. तो कायदा परिपूर्ण नव्हता आणि प्रथमतः त्यावर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते, तरी बाजाराची जागा, वजनमाप व दलाली ही नियमाखाली आणता येतात हे तत्त्व त्याने रुजविले. कंपनीचे ठिकाण गावात असणे आणि गावाचा स्वतःचा बाजार असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कंपनीच्या मर्जीची, दुसरी गावाच्या हातची.

व्होल्कार्टसारखी पेढी माल गोळा करून पाठवी. तोच माल येथेच कातावा असा विचार करणारे गृहस्थ जमशेटजी टाटा होत. मुंबई हे गिरण्यांचे शहर. भांडवल तेथे, बंदर तेथे, आणि हवाही दमट, म्हणून सूत तुटत नाही. अशा मुंबईस सोडून त्यांनी १८७४ साली कंपनी स्थापन केली ती नागपूरच्या गिरणीसाठी. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याच्या दिवशी, ती सुरू झाली आणि एम्प्रेस मिल हे नाव पावली. कापूस भोवताली पिकणारा, वरोऱ्याचा कोळसा जवळ, लोहमार्ग दारात आणि जमीन स्वस्त, हा त्यांचा हिशेब होता. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. हे गृहस्थ गिरणीतले नव्हते, ते जी. आय. पी. रेल्वेच्या माल खात्यात होते. ज्या धंद्याचे यश वाहतुकीत आहे त्याला वाहतूक जाणणारा माणूस निवडावा, यातच स्थानाचा विचार किती खोल होता ते दिसते. नागपूरची हवा कोरडी, हा दोष राहिलाच. त्यासाठी गिरणीत हवा दमट ठेवण्याची यंत्रे बसविण्यात आली. स्थानाचा एखादा दोष यंत्राने भरून काढता येतो, परंतु स्थानाचा गुण यंत्राने निर्माण करता येत नाही.

पुढे याच घराण्याच्या उद्योगांनी देशाच्या नकाशावर जे ठिपके उमटविले ते वरवर पाहता विस्कळीत वाटतात, पण प्रत्येकामागे एकच न्याय आहे. पोलादाचा कारखाना प्रथम आपल्याच चांदा जिल्ह्यात निघावा असे घाटत होते. तेथील लोहाऱ्याचे लोहखनिज प्रसिद्ध होते, परंतु जवळपासचा कोळसा पोलादाच्या कामास योग्य ठरला नाही. एक टन पोलादासाठी खनिज, कोळसा व चुनखडी मिळून तीन-चार टन कच्चा माल लागतो. तो दुरून आणणे म्हणजे नफा आगगाडीला देणे. १९०४ साली भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या लोहखनिजाकडे लक्ष वेधले. झरियाचा कोळसा त्या बाजूला होताच. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ पाणी मिळाले, आणि साकची नावाच्या खेड्यात १९१२ साली पोलाद निघू लागले. १९१९ साली त्या खेड्याचे नाव जमशेदपूर झाले. वीज मात्र त्यांनी सह्याद्रीत केली. घाटमाथ्यावर पाऊस अपरंपार आणि खाली खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटरांचा उतार. १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कापसासाठी नागपूर, खनिज-कोळशासाठी साकची, पावसासाठी खोपोली. नागपूरला पाऊस नेता येत नाही आणि खोपोलीला कापूस पिकत नाही. म्हणून एकाच घराण्याची मुले जशी नोकरीनिमित्त निरनिराळ्या गावी राहतात, तसे हे कारखाने निरनिराळ्या ठिकाणी राहिले.

या दोन कथांचा संगम १९५४ साली झाला. त्या वर्षी व्होल्कार्टचा यंत्रसामग्रीचा व आयातीचा विभाग आणि टाटा यांनी मिळून एक नवी कंपनी काढली. दोन्ही नावांतील अक्षरे जोडून तिचे नाव व्होल्टास ठेवण्यात आले. आज शहरातील घराघरांत वातानुकूलन यंत्रांवर हे नाव दिसते. त्या नावाच्या पूर्वार्धात खामगावच्या कापसाच्या गाठी दडलेल्या आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर मात्र कंपन्यांच्या नकाशावर एक नवा हात फिरू लागला, तो सरकारचा. १९५६ पासून पोलादाचे भाडे सर्व देशभर समान धरण्याचे धोरण आले. त्यामुळे जमशेदपूरजवळच्या आणि मुंबईजवळच्या कारखानदारास पोलाद एकाच भावाने मिळू लागले. खाणींच्या मुलुखाला निसर्गाने दिलेला फायदा त्यामुळे पुसला गेला आणि बंदरांजवळच्या शहरांना तो आयता मिळाला. १९९० नंतर हे धोरण मागे घेण्यात आले, तोपर्यंत पुष्कळ कारखाने पश्चिमेकडे बसून गेले होते. महाराष्ट्राने १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापिले आणि १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देण्यास आरंभ केला. ज्या खामगावात एके काळी लिव्हरपूलसाठी गाठी बांधल्या जात, त्या खामगावात पुढे हिंदुस्थान लिव्हर कंपनीचा साबणाचा कारखाना उभा राहिला. व्होल्टासचेही तसेच. तिचा एक कारखाना हिमालयाच्या पायथ्याशी पंतनगरला आहे. थंड हवेजवळ थंड हवेची यंत्रे करण्यात काही निसर्गसिद्ध सोय आहे असे नव्हे. उत्तराखंडात उद्योगांना करांची सवलत मिळत होती. पूर्वी कंपनी बैलगाडीचे भाडे पाहून बिऱ्हाड ठरवी, नंतर ती करखात्याचे परिपत्रक पाहून ठरवू लागली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा प्रत्येक राज्यात निराळी वखार ठेवण्याचे एक मोठे कारण नाहीसे झाले, आणि लहान लहान वखारी मोडून थोड्या पण विस्तीर्ण वखारी बांधण्याकडे कंपन्यांचा कल झाला. एका कायद्याने शेकडो ठिपके पुसले जातात आणि नवे उमटतात, ते असे.

ठिपका पुसला गेल्यावर त्या ठिकाणी काय उरते, हा यापुढचा प्रश्न आहे. ज्या एम्प्रेस मिलने नागपूरच्या कामगारवस्तीला शंभर वर्षे भोंग्यावर उठविले आणि निजविले, तिच्या मूळ कंपनीचा कारभार १९८६ साली संपला. ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. आज त्या जागेवर बाजारपेठेची भव्य इमारत आहे. तेथे खरेदीस येणाऱ्या तरुणांना त्या जागी सूत निघत होते, हे सांगावे लागते. व्होल्कार्टची पेढीही खामगावात राहिली नाही. परंतु खामगावचा कापूस बाजार राहिला. कारण गिरणी ही कंपनीची होती आणि बाजार हा मुलखाचा होता. ज्या गावाजवळ आपले पीक, आपला बाजार आणि आपले कसब असते, ते गाव कंपनी गेल्यावर गरीब होईल, पण नाहीसे होणार नाही. ज्या गावाजवळ केवळ सवलत असते, त्या गावातून सवलत संपली की कंपनीला बांधून ठेवणारे फारसे काही उरत नाही.

आता पुन्हा जळगाव जामोदकडे वळावे. या तालुक्याला मोठा कारखाना हवा, अशी इच्छा तेथील तरुणांच्या मनात असणे अगदी साहजिक आहे. शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईची वाट धरतो आणि म्हाताऱ्या आईबापांकडे शेत उरते, हे दुःख लहान नव्हे. परंतु नकाशाचा न्याय भावनेने बदलत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट, म्हणून पुष्कळ पाणी लागणारा उद्योग तेथे सहजासहजी येणार नाही. लोहमार्ग दूर, म्हणून जड माल आणून जड मालच पाठविणारा उद्योगही येणार नाही. मग काय टिकेल? ज्याचे वजन जागच्या जागी घटते, किंवा ज्याचा नाश वाटेत होतो, ते. कापूस सरकीसह बाहेर गेला तर त्याच्याबरोबर तेल जाते आणि गुरांची ढेपही जाते, आणि मग तीच ढेप दाम मोजून परत विकत आणावी लागते. सरकी येथेच निघाली तर तिचे दोन्ही भाग येथे राहतात. सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा आहेत. संत्रे हे नाशवंत फळ, त्याची प्रतवारी, साठवण आणि रस काढणे बागेजवळच झाले तर वाटेतील नुकसान वाचते. या उद्योगांना अहवालाच्या नकाशावर मोठा ठिपका मिळत नाही, परंतु त्यांना तेथून हलविणे कठीण असते.

लोहमार्गाविषयीही एक आशा आहे. अकोला-खंडवा ही जुनी अरुंद वाट मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जात असे. ती रुंद करताना वाघांचे अरण्य टाळून हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने वळसा घ्यावा, असा पर्याय अलीकडे पुढे आला आहे. वाघाला वाचविण्यासाठी निघालेला मार्ग दीडशे वर्षे आगगाडीची वाट पाहणाऱ्या मुलखाच्या उपयोगी पडला तर तो एक सुखद योगायोग ठरेल. परंतु खामगावचा इतिहास हेही सांगतो की, आगगाडी दोन्ही दिशांना धावते. ती भाव आणते तसा कच्चा माल घेऊनही जाते. स्टेशनाच्या आधी जिन, गोदाम, बाजार समितीचा चोख तराजू आणि हिशेब जाणणारी माणसे गावात तयार असतील तर लोहमार्ग गावाचा होईल; नसतील तर ते गाव केवळ गाडी थांबण्याची जागा होईल.

म्हणून श्रोतेहो, पुढच्या खेपेस कंपनीचा अहवाल हाती आला म्हणजे लाभांशाच्या पानाकडे जाण्यापूर्वी त्या नकाशावर घटकाभर दृष्टी टाकावी. प्रत्येक ठिपक्यास तीन प्रश्न विचारावेत. हा येथे मालासाठी आला की सवलतीसाठी? याच्या पलीकडे कच्चा माल पुरविणारी, पण नकाशावर नसलेली गावे कोणती? आणि हा उद्या उठून गेला तर येथे मागे काय राहील? भांडवल ज्यांचे आहे त्यांनी पहिला प्रश्न विचारला नाही तर त्यांचे नुकसान होईल. दुसरा आणि तिसरा प्रश्न कोणीच विचारला नाही तर नुकसान होईल ते कोऱ्या मुलुखातील माणसांचे, आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही.